गळणारं अक्षर

संध्याकाळी पॅरिसमधल्या एका चर्चमध्ये फ्रेंच संगीतकार मॉरिस द्युरुफ्ले यांचा 'आलँ (Alain) या नावावर प्रेल्यूड आणि फ्यूग' वाजणार होता. आधी प्रेल्यूड म्हणजे सुरुवातीचा तुकडा, मग फ्यूग, ज्यात एकच धून एकामागून एक आवाज उचलतात. सकाळी ऑर्गनवादकांनी सुरुवातीचा तुकडा वाजवून मला, ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याला, विचारलं, "नावातला आय ऐकू येतोय?" नव्हता येत.

आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनसारखा हा नुसत्या पत्त्यांवर वाजत नाही, हा नळ्यांचा ऑर्गन. झआँ आलँ हा संगीतकार 20 जून 1940 रोजी फ्रान्समधल्या सोम्यूरच्या लढाईत मारला गेला, वय 29. त्याच्या स्मरणार्थ द्युरुफ्ले यांनी 1942 मध्ये ही रचना केली आणि त्याच्या नावाचेच स्वर केले. ए ते एच ही पाश्चात्य स्वरांची नावं, या आठ अक्षरांखाली आय ते पी मांडायची. आय येतो एखाली, एल डीखाली, एन एफखाली. पांढरी एकचा सा धरला तर 'आलँ'ची पाच अक्षरं होतात ध रे ध ध म. तिसरं आणि चौथं अक्षर एकाच पट्टीवर, पांढरी सहावर. प्रेल्यूडमध्ये हे स्वर भरभर आणि हलक्या आवाजात जातात. मधल्या क्षणात नळीत हवा सोडणारी झडप बंद झाली नाही तर दोन ध चिकटून एक लांब ध होतो, आणि आलँचा अ‍ॅलन होतो!

आठवडाभर पाऊस होता, त्यामुळे पहिला संशय फुगलेल्या लाकडावर. पट्टीच्या शेपटीला लागलेली लाकडी कांबी सोडवली आणि पट्टी एकटी हलवून पाहिली. मोकळी होती. म्हणजे दोष वर, हवापेटीत. हवा भरणारा पंखा बंद केला, हवा पूर्ण उतरू दिली, मग पुढची फळी काढली. झडपेच्या दोन बाजूंना तिला सरळ ठेवणाऱ्या पितळी टाचण्या असतात. त्यातली डावी जेमतेम वाकली होती आणि झडपेच्या कडेला घासत होती. झडप बंद व्हायची, पण रेंगाळून.

इथे अनेकांचा हात स्प्रिंगकडे जातो. स्प्रिंग ताणली की झडप झटकन मिटते खरी, पण ती एकच पट्टी बोटाला जड लागते, आणि वेगात नेमकी तीच अडखळते. स्प्रिंगला हात न लावता टाचणी चिमट्याने सरळ केली, शिसपेन्सिलीचं ग्रॅफाइट चोळलं, झडपेच्या चामड्यावरची धूळ ब्रशने झटकली. चामड्याखाली एक कण जरी राहिला तरी हवा गळते आणि नळी आपोआप बोलत राहते.

फळी लावली, हवा भरली. आय आला. पण दोन्ही एकदम वाजावेत म्हणून हा कळफलक मुख्य कळफलकाला जोडला की पुन्हा गायब! जोडणीची कांबी अंमळ ताणलेली होती, ती झडप पूर्ण मिटूच देत नव्हती. तिच्या तारेवरची चामड्याची चकती अर्धा फेरा सैल केली. पूर्ण फेरा दिला असता तर पट्टीची सुरुवातीची चाल वाया जाऊन स्वर उशिरा बोलला असता.

शेवटी पत्तीच्या नळ्या, म्हणजे ज्यांत धातूची पत्ती थरथरून स्वर निघतो त्या, सुरात जुळवल्या. ऊब वाढली की साध्या नळ्या अंशाला साधारण 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतात, पत्तीच्या तितक्या चढत नाहीत. म्हणून हे काम दुपारी नाही, तर संध्याकाळी ठेवायचं ते तापमान आल्यावरच केलं. फ्यूग हलक्या आवाजात सुरू होऊन अखेरीस सगळ्या नळ्यांवर जातो, तिथे हा फरक कानाला बोचतो.

कार्यक्रमात मी ऑर्गनच्या कपाटाच्या आत, पांढरी सहाच्या झडपेपाशी उभा होतो, पंख्याचा कळफलकाशेजारचा दिवा आणि दारातून दिसणारी वादकांची डावी कोपर एवढंच समोर. ध, ध. दोन वेगळे.