तुम्ही विचारलंत म्हणून: मूळ इंजिन ठेवावे की दुसरे बसवावे?

साताऱ्यात पोवई नाक्यावर आमची १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट, म्हणजे भारतात बनलेली फियाटच, उभी केली की कोणीतरी जवळ येऊन इंजिन मूळचेच आहे का, असे विचारतोच. आणि ज्यांच्या घरी अशीच एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: जुने इंजिन बांधून घ्यावे की त्या जागी दमदार दुसरे बसवावे? माझे उत्तर असे की ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, वाचण्याजोगा आहे तोवर मूळ इंजिन सोडू नये. आम्ही ते एकदा गमावले आहे, म्हणून हे कळकळीने सांगतो.

१९९४ साली वडिलांना रोज मेढ्याला जावे लागे आणि डिझेल स्वस्त होते, म्हणून एका गॅरेजमध्ये आमच्या गाडीत डिझेल इंजिन बसवले गेले. ते बसावे म्हणून पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा आडवा दांडा, गॅसने कापला आणि मूळ इंजिन मजुरीच्या हिशेबात परस्पर भंगारात गेले, हे आम्हाला आठवड्याने कळले. नवे इंजिन जड असल्यामुळे पुढच्या स्प्रिंगा दबल्या, थरथरीने काचा वाजू लागल्या आणि यवतेश्वरच्या वळणांवर स्टिअरिंग ओढताना वडिलांचे खांदे भरून येत. गाडी धावत होती, खर्चही वाचत होता. पण सकाळी चावी फिरवल्यावर उठणारा तो पेट्रोल इंजिनाचा मऊ आवाज घरातून कायमचा गेला.

फियाटचे हे मूळ पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचे, ६८ मिलिमीटर बोअरचे (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची धाव). त्याची ताकद बेताची आहे हे खरे, पण गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि ड्रम ब्रेक हे सारे त्याच ताकदीच्या हिशेबाने केलेले असल्यामुळे एकट्या इंजिनाची ताकद वाढवली की बाकीच्यांवर ताण येतो. शिवाय ‘इंजिन संपले’ असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंगा संपलेल्या असतात. निळा धूर आणि उतरलेले ऑइल प्रेशर पाहून घाबरू नये. ओतीव लोखंडाचा ब्लॉक रिबोअर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर किंचित मोठे कातून, ओव्हरसाइझ पिस्टन घालता येतात, ती मर्यादाही संपली तर स्लीव्ह (आतली नळी) मारून बोअर पुन्हा मूळ मापावर आणता येतो, आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंड करून अंडरसाइझ बेअरिंगा बसवता येतात. गाडी तापून ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे ब्लॉकवरचे झाकण, वाकले असेल तर त्याचे फेसिंग होते, म्हणजे ते घासून सपाट करता येते. ही कामे जाणणारे हात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आजही आहेत.

पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भगदाड पडले असेल तर मात्र हट्ट सोडावा आणि त्याच घराण्यातले इंजिन शोधावे. प्रेसिडेंटची पुढे पद्मिनी झाली आणि ती २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिली. आम्हीही शेवटी क्रॉस मेंबर नीट करून पद्मिनीचेच इंजिन बसवले.

वाईच्या एका स्नेह्यांच्या जुन्या ॲम्बेसेडरमध्ये १४८९ सीसीच्या इंजिनाऐवजी इसुझूचे १.८ लिटरचे आहे. त्यांना रोज पसरणीचा घाट चढावा लागतो आणि कंपनीनेच नव्वदच्या दशकात ॲम्बेसेडरला ते इंजिन दिलेले होते, त्यामुळे त्यांचा निर्णय मला पटतो.

कागदपत्रांचेही पाहावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत इंजिन बदलण्यासारखे फेरफार करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण ती मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे.

तेव्हा गाडी गॅरेजमध्ये देण्यापूर्वी ब्लॉकवरचा नंबर रॉकेलने पुसून घ्या, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासा आणि उठलेले आकडे आरसी बुकाशी ताडून पाहा. इंजिन उतरवलेच, तर ते त्याच दिवशी टेम्पोत घालून घरी आणा, सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, प्लगची भोके बंद करा आणि ते जमिनीला न टेकवता फळीवर ठेवा.