नोंदवहीतील ‘नकार’

नेरूळमधील एका खासगी रुग्णालयात मी संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणारी परिचारिका आहे. सुई टोचल्याच्या घटना आमच्याकडे अधूनमधून घडतात. पण गेल्या पावसाळ्यातील एक घटना अजून माझा पिच्छा सोडत नाही.

सकाळी कचऱ्याची पिवळी पिशवी बांधताना सफाईच्या मावशींच्या तळहातात सुई घुसली. सुयांसाठी पांढरा जाड डबा प्रत्येक ट्रॉलीवर असतो, तरीही कोणीतरी ती पिशवीत टाकली होती. हा निष्काळजीपणा शिकलेल्या हातांचा असतो आणि त्याची किंमत मावशी-मामांना मोजावी लागते. खोलीत एकच रुग्ण होता आणि त्याच्या फाइलवर हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारा यकृताचा संसर्ग) असल्याची नोंद होती.

जखम साबण आणि पाण्याने धुऊन (दाबून रक्त काढायचे नसते, हे दर वेळी सांगावे लागते) मी लसीकरणाची नोंदवही उघडली. मावशींच्या नावापुढे ‘नकार’ लिहिलेले होते आणि शेजारी त्यांची सही होती. लस न घेतलेल्याला अशा सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, एचआयव्हीबाधिताच्या सुईतून एचआयव्ही होण्याची सुमारे ०.३ टक्के; मावशी मात्र रडत एचआयव्हीबद्दलच विचारत होत्या.

लस का नाकारली, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “सिस्टर, मी कुठं नको म्हटलं? सुपरवायझर बोलला, ताप आला तर खाडा लागेल. सगळ्यांनी सह्या केल्या, मी पण केली.”

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. लसीचा पहिला डोस मी लगेच टोचला, पण त्यासोबत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन), जे शक्यतो २४ तासांच्या आत द्यावे लागते आणि ज्याला काही हजार रुपये पडतात, त्याचे बिल कोणाच्या नावाने फाडायचे यावर कंत्राटदार आणि प्रशासन यांच्यात संध्याकाळपर्यंत फोनाफोनी चालली. लसीचे तीनही डोस मिळून त्या खर्चाच्या जवळपासही जात नाहीत. मला त्या दिवशी आलेला संताप आजही तसाच आहे.

त्याच नोंदवहीत आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरचा तिसरा डोस राहिलेला दिसला. “इतकी वर्षे काही झाले नाही,” असे त्या म्हणाल्या आणि मग बोलता बोलता २०२१ च्या जानेवारीवर आल्या. तेव्हा तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे निष्कर्ष येण्यापूर्वीच कोव्हॅक्सिन या करोनावरील लसीला परवानगी मिळाली होती आणि लस घेताना संमतिपत्रावर सही करावी लागत होती. त्यांनी शंका विचारली, तेव्हा “तुम्हीच घाबरलात तर लोकांनी काय करायचे?” असे सुनावले गेले. त्यांनी लस घेतली, पण शंकेचे उत्तर त्यांना कधीच मिळाले नाही. अशा माणसाला अडाणी ठरवणे सोपे असते. मला ते अन्यायाचे वाटते.

आता नकाराची सही मी सुपरवायझरसमोर घेत नाही; प्रत्येकाला बाजूला बसवून कारण विचारते आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवते. सिस्टरांनी राहिलेला डोस घेतला. मावशींची सहा महिन्यांनंतरची तपासणी निगेटिव्ह आली आणि त्यांचे तीनही डोस पूर्ण झाले. प्रतिपिंडांचे प्रमाण दहाच्या वर गेले आहे का, म्हणजे लस लागू पडली आहे का, हे पाहण्याची चाचणी मात्र बाकी आहे. तिचे पैसे कोणी भरायचे, हे अजून ठरलेले नाही.