तात्पुरती सेवा पेन्शनला धरतात, पण सेवापुस्तकात नोंद हवी

अस्थायी नेमणूक म्हणजे पेन्शन नाही, असं आस्थापना शाखेतसुद्धा ठासून सांगितलं जातं. ते चूक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधला नियम 30 बघा. पहिल्या नेमणुकीचा कार्यभार घेतला त्या दिवसापासून अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनला धरली जाणारी सेवा, सुरू होते, मग नेमणूक तात्पुरती का असेना. मात्र निवृत्तीच्या वेळी कायम पद किंवा स्थायित्व प्रमाणपत्र लागतं. ते मागावं लागतं. लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या.

सादिलवार खर्चातून, म्हणजे मंजूर पदाऐवजी कार्यालयाच्या किरकोळ खर्चातून, पगार घेणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. त्यांचं पद पुढे नियमित आस्थापनेवर रूपांतरित झालं, तर आधीची अखंड सेवा निम्मी धरतात. नियम 57 खालच्या टिपेत ते आहे. समजा आधीची सेवा 7 वर्षे 8 महिने आणि नियमित सेवा 6 वर्षे. निम्मी 3 वर्षे 10 महिने धरून बेरीज 9 वर्षे 10 महिने होते. म्हणजे साडेनऊ वर्षांवर 4 महिने. 3 महिने किंवा जास्तीचा तुकडा अर्ध्या वर्षाचा धरतात, म्हणून ही सेवा 10 वर्षे भरते आणि माणूस पेन्शनला पात्र ठरतो. आधीची सेवा धरलीच नाही, तर तोच माणूस पेन्शनला मुकतो.

प्रकरणं अडतात ती बहुतेक 'अखंड' या अटीवर. आदेश संपला, मध्ये तांत्रिक खंड, मग नवा आदेश. असा खंड नियम 48 खाली क्षमापित, म्हणजे माफ, करता येतो. खंडाचे दिवस धरत नाहीत, पण आधीची सेवा वाचते. हा माफीचा आदेश नोकरीत असतानाच काढून घ्या. निवृत्तीनंतर हजेरीपट सापडत नाहीत आणि ओळखीचे अधिकारी बदलून गेलेले असतात.

सेवापुस्तक दरवर्षी स्वतः उघडून बघा. प्रत्येक वर्षापुढे 'वेतन देयकांवरून सेवा पडताळली' असा शेरा, खाली सही आणि पदनाम हवं. एखादं वर्ष कोरं राहिलं तर प्रकरण महालेखापालांकडून आक्षेप लागून परत येतं. जुन्या देयकांच्या आणि हजेरीपटाच्या प्रती माहिती अधिकारात आत्ताच मागवा.

वरचं सगळं जुन्या पेन्शनचं आहे. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा नंतर रुजू झालेल्यांना ते सरसकट लागू नाही. त्या तारखेआधीच्या जाहिरातीतून निवड होऊन नंतर रुजू झालेल्यांना 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा पर्याय दिला, म्हणून जाहिरातीची प्रत जपा.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांना हे नियम लागत नाहीत. त्यांचा आधार भविष्य निर्वाह निधीतली 1995 ची पेन्शन योजना. तिथलं सूत्र सरासरी वेतन गुणिले सेवावर्षे भागिले 70. 15,000 रुपये आणि 10 वर्षे धरली तर महिना सुमारे 2,143 रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, पण तीही हातची जाते, कारण ठेकेदार बदलला की नवं खातं निघतं आणि जुनी सेवा तिथेच पडून राहते. प्रत्येक बदलाला जुन्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख नोंदवून घ्या आणि सेवा नव्या खात्यात वर्ग करा. 10 वर्षांआधी काम सुटलं तर पैसे काढायची घाई करू नका. फॉर्म 10सी भरून योजना प्रमाणपत्र घेतलं, तर पुढच्या नोकरीत ती वर्षे जोडता येतात.