पायऱ्या, पंक्चर आणि परतीचा रस्ता

आमची पहिली सहल पौडच्या पुढे गेलीच नाही.

ऑगस्टमधला रविवार. ताम्हिणीतले धबधबे बघायचे म्हणून आई, बाबा, माझी लेक आणि मी कोथरूडहून साडेनऊला निघालो. साडेनऊला! आता लिहितानाही हसू येतं. चांदणी चौक, भूगाव करत पौड येईतो पुढे नुसती गाड्यांची रांग दिसायला लागली. दोन्ही कडांना लावलेल्या मोटारी, मधून कणसं विकणारी पोरं. बाबा म्हणाले, "धबधबा इथंच आलाय, माणसांचा." मिसळ खाल्ली आणि मागे फिरलो. आईला बाथरूमला जायचं होतं, ती जागा शोधण्यात अर्धा तास गेला. घरी आले तेव्हा क्लच दाबून दाबून माझा डावा पाय आखडला होता.

मी गाडी शिकले त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि गाडीही दुसऱ्याची वापरलेली घेतली. नोकरी बँकेत, म्हणजे दुसरा आणि चौथा शनिवार माझा. रविवार सोडायचा हा निर्णय त्याच संध्याकाळी झाला. बाकीचं सगळं हळूहळू, चुका करत शिकले.

पहिली चूक अशी की मी आधी ठिकाण ठरवायचे आणि मग रस्ता बघायचे. कोथरूडात राहणाऱ्याला नगर रोडवरचं काहीही लांबच. रांजणगावचा गणपती हायवेला लागून आहे, पण वाघोली ओलांडेपर्यंत अर्धा उत्साह संपतो. सातारा रोडला मात्र बायपासने गेलं की नवले पूल, बोगदा आणि बाहेर. म्हणून मी वहीत ठिकाणांच्या आधी रस्ते लिहिले. पुण्यातून कोणत्या तोंडाने बाहेर पडायचं, तिथपर्यंत सकाळी सातला किती वेळ लागतो आणि संध्याकाळी पाचला परत यायला किती. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. जाताना सगळे वेगवेगळ्या वेळी निघतात, परतताना सगळे एकाच वेळी.

दुसरा रकाना आईच्या गुडघ्यांचा. आई चौऱ्याहत्तरची. तिला देव हवेत, आणि आपल्याकडे बरेचसे देव डोंगरावर. अष्टविनायकांतले पाच पुणे जिल्ह्यातच आहेत. त्यांतलं ओझर, रांजणगाव, थेऊर सपाटीवर, मोरगावला पायऱ्या मोजक्याच, पण लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास. जेजुरीचं नाव काढलं की आई गप्प होते, कारण लग्नानंतर बाबांनी तिला तिथंच पाच पायऱ्या उचलून नेलं होतं. "आता तुम्हाला मी उचलेन," असं ती म्हणते आणि विषय बदलते. कुठे किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का, गाडी कुठवर जाते, हे कुणी नीट सांगत नाही. "जवळच आहे" या उत्तराला काही अर्थ नसतो. मी लोकांनी टाकलेले फोटो मोठे करून पायऱ्या मोजते. लेक मला हसते, पण हसता हसता आता तीही मोजते.

तिसरा वाद तिथीचा. आईला संकष्टीला थेऊर, पौर्णिमेला नारायणपूर असं हवं असतं, आणि नेमकं त्याच दिवशी तिथं अख्खं पुणं येतं. सोमवती अमावास्येला जेजुरीकडे तर वळूच नये. बाबांनी यावर निकाल दिला, "देव बाकीच्या दिवशी सुट्टीवर नसतो." आई दोन दिवस बोलली नाही. मग तिनेच दिनदर्शिका काढून मोकळे शनिवार पेन्सिलने गोल करून दिले.

या वहीतली पहिली खरी सहल भुलेश्वरची. हडपसर, सोलापूर रोड, यवतहून आत वळून घाट. पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सकाळी पावणेसातला निघालो आणि नवाच्या आधी वर होतो. बाहेरून हे देऊळ साधं, जवळजवळ किल्ल्यासारखं दिसतं, आणि आत शिरलं की अंधारात नक्षीकाम उलगडत जातं. यादवकाळातलं बांधकाम. पुष्कळ मूर्तींचे चेहरे फोडलेले. मान वर करून शोधलं की स्त्रीरूपातला गणपती सापडतो, आणि तो लेकीला आधी सापडला याचं मला अजून थोडं वाईट वाटतं. मार्च होता. अनवाणी चालायचं म्हणून आईसाठी जाड मोजे नेले होते, त्याचा खरा उपयोग बाहेरच्या तापलेल्या फरशीवर झाला.

परतताना त्याच रस्त्याने न येता माळशिरस, वाघापूर करत सासवडला उतरायचं ठरवलं होतं. वाघापूरच्या अलीकडे स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. उतरून बघते तर पुढचं डावं चाक रिमवर बसलेलं. स्टेपनी काढली. बोटाने दाबली तर बोट आत गेलं. गाडी घेतल्यापासून तिच्यात हवा आहे की नाही हे मी एकदाही बघितलं नव्हतं, आणि ज्याने विकली त्यानेही बघितलं नसणार. दुचाकीवरून जाणाऱ्या एका पोराने चाक काढायला मदत केली, चाक मांडीवर घेऊन मी त्याच्या मागे बसले आणि आम्ही पंक्चरच्या टपरीवर गेलो. दुकानदाराने ट्यूबलेस टायरमधून बोटाएवढा खिळा ओढून काढला, चिकट वातीने भोक बुजवलं आणि म्हणाला, "ताई, स्टेपनीत नेहमी चार पॉइंट जास्त ठेवायचे. ती बसून बसून उतरते." तासाभराने परत आले तेव्हा आई बाभळीखाली सतरंजी टाकून शेतातल्या बाईशी अंजिरांबद्दल बोलत होती, आणि पिशवीत दोन किलो अंजीर आलेही होते. सबंध दिवसातला तिचा सर्वांत आवडता तास तोच, असं ती सगळ्यांना सांगते. लेकीने दिवे घाटातून खालचा मस्तानी तलाव दाखवला, तर आई बघायला तयार नाही, अंजीर मोजत बसलेली.

पुरंदरचा किल्ला बाबांसाठी. तिथं सरळ गाडीने वर जाता येतं, पण किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, चौकीवर ओळखपत्र दाखवावं लागतं. बाबांचं आधार कार्ड घरी, देवघराच्या ड्रॉवरमध्ये. त्या दिवशी आम्ही नारायणपूरला दत्ताचं दर्शन घेऊन आलो. तेव्हापासून गाडीच्या कप्प्यात चौघांच्या ओळखपत्रांच्या प्रती आहेत आणि निघताना मूळ कार्डं घेतली का हे लेक विचारते. फास्टॅगचा तीन हजारांचा वार्षिक पास निघाला तेव्हा बाबांनी वहीत हिशेब मांडला. दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष, यातलं जे आधी संपेल ते. आमच्या अर्ध्या सहली टोल नसलेल्या रस्त्यांवर. त्यांनी शेवटी खाली रेघ मारून लिहिलं, "नको."

सगळ्यांत जमलेली सहल वाईची. जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागायचा आणि येताना बोगदा, त्यामुळे चढताना एसी बंद करून, ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर, इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे बघत गेले. सुरूर फाट्याला वळलो. ढोल्या गणपती, मग मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट आणि तिथली ती मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यानंतर ती तिथून आली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. आईने घंटेला नमस्कार केला, मूर्ती बघितली आणि पुन्हा केला.

अडीचला मी सगळ्यांना गाडीत बसवलं. आई म्हणाली, "एवढ्या लवकर?" कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, आणि त्या उतारावर अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात आपण सगळ्यांनी पेपरात वाचलेत. मी तो उतार उजेडात, तिसऱ्या गिअरवर, पुढच्या-मागच्या ट्रकपासून अंतर ठेवून उतरते. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. पाचच्या आत घरी होतो आणि बाबांना क्रिकेटचा शेवटचा तास मिळाला.

येता शनिवार चौथा आहे. वहीत ओझर लिहिलंय, पायऱ्यांच्या रकान्यात शून्य. भुलेश्वरनंतर घेतलेला हवेचा छोटा पंप तेवढा खालच्या मजल्यावरच्या काकांकडून परत आणायचाय. ते गेल्या महिन्यात "जरा मोरगावला जाऊन येतो" म्हणून घेऊन गेलेत.