तुम्ही विचारलंत म्हणून: हौशी लोकांच्या फुकट फोटोंनी तुमचं काम गेलं का?

मी धंदेवाईक फोटोग्राफर, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नात, फोटोवॉकला, अगदी गडाखालच्या चहाच्या टपरीवरपण विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या गळ्यात बरेचदा स्वतःचा कॅमेरा असतो. तर हो, गेलं. पण सगळं नाही.

लग्नाचं काम टिकलंय. अक्षता पडतानाचा फोटो हुकला तर पुन्हा थोड्याच पडणारेत, त्यामुळे तिथे लोक पैसे देतात. गेलं ते मधलं काम, म्हणजे कॅलेंडर, डायऱ्या, कंपन्यांची ब्रोशर्स. माझ्याकडे स्लाइड्सचं, म्हणजे फिल्मवरच्या पारदर्शक फोटोंचं कपाट होतं, गणपती झाले की प्रेसवाले यायचे, लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, एकेक स्लाइड ठेवून भिंगातून बघायचे आणि एका वर्षाच्या वापराचे दीड-दोन हजार द्यायचे, स्लाइड परत माझी, पुढच्या वर्षी ती दुसऱ्याला. तुळशीचं लग्न होईपर्यंत मुहूर्त नसतात ना, ते चार महिने घर त्यावर चालायचं.

मग 2000 साली आयस्टॉकफोटो ही फोटोंची वेबसाइट आली आणि पुढे फोटो डॉलर-दोन डॉलरला मिळायला लागले, 2006 मध्ये गेटी या फोटो विकणाऱ्या मोठ्या अमेरिकन कंपनीने ती 5 कोटी डॉलरला विकत घेतली. 2013 मध्ये अनस्प्लॅश हे फुकट फोटोंचं संकेतस्थळ आलं, तिथे तर फोटो धंद्यासाठी वापरला तरी पैसे नाहीत आणि नाव देण्याचीही सक्ती नाही. 2021 मध्ये तेही गेटीनेच घेतलं. एकेक फोटो फुकट, पण त्या सगळ्यांचा ढीग झाला की त्याला गिऱ्हाईक आहे, हे मला फार लागतं.

मध्ये एका कंपनीने कॅलेंडरसाठी दिवेघाटातल्या वारीचा फोटो मागितला. मी चार हजार सांगितले. दोन दिवसांनी फोन, "सर, इन्स्टावर एकाने फ्री दिला, फक्त नाव टाका म्हणाला." कॅलेंडर बघितलं. फोटो खरंच सुरेख होता, घाटाच्या वळणावर माउलींचा रथ, मागेपुढे नुसत्या पताका. नाव मागच्या पानावर, पिनेच्या खाली अर्धं दडलेलं. त्या पोराला मी शोधून फोन केला, आयटीत आहे, पहाटे तीनला उठून घाट चढला होता. त्याच्यावर कसला राग धरणार? त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की अशा फोटोचे पैसे मागायचे असतात.

म्हणून हौशी मित्रांना मी सांगतो, विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या मोफत फोटोंच्या साठ्यात, टाकायचेत तर जरूर टाका, आपल्या देवळांचे, गडांचे फोटो जगाला मिळू देत, मीही टाकलेत. पण छपाईवाल्याला, कागदवाल्याला, कुरिअरवाल्याला पैसे देणारी कंपनी तुमच्याकडे फुकट मागत असेल तर आधी आकडा सांगा, नंतर नाही म्हणू देत त्यांना.

त्या पोराचा पुढच्या वर्षी फोन आला, "दादा, परत मागतायत, किती सांगू?" अर्धा तास बसलो आम्ही, प्रती किती, साइझ काय, वापर किती महिने. त्याने साडेतीन सांगितले, अडीच मिळाले.