जुन्या यशिकाची परीक्षा गारठ्यातच घ्यावी

यशिका मॅट १२४जी हा एकावर एक दोन लेन्सचा जुना फिल्म कॅमेरा: वरची लेन्स बघायला, खालची फोटोला. तो सेकंडहँड विकणारा शटर दाखवताना हटकून १/१२५ सेकंदाचा वेग वाजवून दाखवतो. तो वेग सहसा ठीकच असतो. रडतात ते १/१५ आणि त्याहून हळू वेग. त्यांच्यासाठी शटरमध्ये बारीक दातेरी चाकांची वेगळी जोडणी असते. तिथलं तेल चाळीस वर्षांत चिकट झालेलं असतं आणि थंडीत आणखी आळतं. म्हणून साताऱ्यात असा कॅमेरा डिसेंबर-जानेवारीत, ऊन चढायच्या आत तपासावा.

आधी फिल्म न घालता. रात्रभर कॅमेरा पिशवीत घालून गॅलरीत ठेवा. सकाळी मागचं झाकण उघडा, ॲपर्चर (लेन्सचं भोक) ३.५, म्हणजे पूर्ण उघडं करा, लेन्स उजेडाकडे धरा आणि मागून फोनने सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन घ्या. एक सेकंदाला शटर साधारण २४० फ्रेम उघडं दिसायला हवं, १/३० ला आठ. एक सेकंदाला ३६० भरल्या तर अर्ध्या स्टॉपहून थोडा जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). निगेटिव्ह फिल्म तेवढा पचवते, स्लाइड नाही. दुपारी घरात हेच पुन्हा मोजा. दुपारी २५० आणि सकाळी ४०० आले, तर शटर उघडून साफ करायला टाका. दोन्ही वेळा सारखंच हळू असेल तर हिशेबात धरून चालतं. १/५०० मात्र फोनला पकडता येत नाही. सेल्फ टायमरच्या खटक्याला हात लावू नका, जुन्या शटरात तो अडकून बसतो.

झाकण उघडंच आहे तर फिल्म सपाट दाबून धरणारी प्रेशर प्लेट बघा. १२० च्या रोलला ती १२ च्या खुणेवर हवी. २४ वर राहिली तर फोकस बिघडतो.

फोकससाठी फिल्मच्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, केबल रिलीजने (शटर दाबायच्या तारेने) बी वर, म्हणजे दाबून धरू तोवर, शटर उघडं धरा आणि अजिंक्यतारा किल्ल्यावरचा टॉवर बघा. कागदावर आणि वरच्या, फोकस बघायच्या काचेत तो एकाच वेळी रेखीव व्हायला हवा. नाही झाला, तर वर सगळं सुरेख दिसेल आणि निगेटिव्ह मऊ येतील.

मग १०० आयएसओचा कृष्णधवल रोल घेऊन संगम माहुली. कॅमेऱ्यातल्या मीटरवर विसंबू नका: तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलाय, ते सेल आता मिळत नाहीत आणि दीड व्होल्टचा घातला की आकडे चुकतात. फोनचं ॲप पुरतं. कृष्णा-वेण्णेवरच्या धुक्याला एक स्टॉप वाढवा, देवळाच्या काळ्या दगडाने चौकट भरली असेल तर एक कमी करा.

ट्रायपॉडवर एकच देखावा लागोपाठ घ्या: ॲपर्चर २२ ला १/४, ११ ला १/१५, ५.६ ला १/६०, ४ ला १/१२५. चारही निगेटिव्ह सारख्या गडद हव्यात. पुढे मधेच लेन्सला टोपी घालून कॅमेरा पाच मिनिटं उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवा. बिजागरीजवळचा फोम कुजला असेल तर त्या फ्रेमवर पट्टा उमटतो.

बारावा फोटो झाला की सावलीत रोल काढा आणि घट्ट आवळूनच पट्टी चिकटवा, सैल रोलच्या कडांतून उजेड शिरतो. घरी आल्यावर पिशवी तासभर उघडू नका, नाहीतर गार काचेवर घरातला दमटपणा बसतो. रोल धुवायला देताना फिल्म कापू नका असं सांगा. दोन फ्रेममधलं अंतर कमीजास्त असेल किंवा फ्रेम एकमेकींवर चढल्या असतील, तर दोष रोल पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेत आहे.