संभाजीनगर ते तुळजापूर: पाय मोकळे, ब्रेक मात्र कामात

गेवराईचा बायपास मागे पडला आणि मेव्हण्याचा फोन आला. तो मागच्या गाडीत होता. फोन अर्थात त्याच्या पोरानं धरलेला. "दाजी, ब्रेकवर पाय ठेवूनच चालवायलेत का? तुमचा लाल दिवा विझंनाच की ओ!"

माझे दोन्ही पाय खाली मोकळे होते. गाडी अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझवर चालली होती, म्हणजे आपण लावलेला वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर गाडी स्वतःच सांभाळते.

गाडी पेट्रोल ऑटोमॅटिक, दीड वर्षाची. शाकंभरी नवरात्राची गर्दी सुरू व्हायच्या आत आईचं दर्शन उरकावं म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे निघालो. अडूळ, पाचोड, शहागड, गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा, येडशी, धाराशिव करत तुळजापूर. सगळा राष्ट्रीय महामार्ग ५२, चारपदरी. शहागडला गोदावरीच्या पुलावर धुकं होतं, तिथपर्यंत मी स्वतःच चालवली. उजाडल्यावर क्रूझ लावली, वेग १००, पुढच्या गाडीपासूनचं अंतर सगळ्यात कमी. अंतर कमी ठेवण्याचं कारण आपल्याकडच्या सगळ्यांना ठाऊक आहे. मोकळी जागा दिसली की कुणीतरी आत शिरणारच.

आता लाल दिव्याचं. ब्रेक क्रूझनं मारला तरी मागचे दिवे लागतात, कारण तो खराच ब्रेक असतो. पुढचं वाहन हळू झालं की यंत्रणा आधी इंजिनाची ओढ कमी करते. तेवढ्यानं भागलं नाही तर पंपानं ब्रेकच्या तेलावर दाब देते आणि ब्रेकचा पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासतो. तुमचा पाय करतो तेच, फक्त पाय नसतो. फरक नजरेचा आहे. दोनशे मीटरवर कापसाचा ट्रक उजव्या लेनमध्ये रेंगाळताना दिसला की आपण तिथंच अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि पोचेपर्यंत गाडी आपोआप मंदावते. क्रूझ तसं करत नाही. ठरलेलं अंतर मोडायला आलं की ती जागी होते आणि मग ब्रेकशिवाय इलाज उरत नाही.

भाचा आठवीत आहे. त्याला कामाला लावलं, आमचा लाल दिवा लागला की मोबाइलवर एक रेघ. बायपास संपल्यापासून बीड येईपर्यंत सत्तेचाळीस रेघा भरल्या.

मांजरसुंब्याचा घाट चढताना क्रूझ बंद ठेवली. चौसाळ्यापुढे दुसरा डाव मांडला: वेग तोच १००, अंतर सगळ्यात जास्त. आता दिवा शांत होईल असं वाटलं होतं. तीसेक किलोमीटरमध्ये एकोणचाळीस. ८० च्या वेगाला दोन सेकंदांचं अंतर म्हणजे जवळजवळ ४५ मीटर. एवढी जागा पाहून ट्रॅव्हल्सवाले, पिकअप, अगदी बुलेटवालाही नाकासमोर येऊन बसतो, आणि प्रत्येक पाहुण्यासाठी आमची गाडी ब्रेक मारून पुन्हा तेवढी जागा करते. मग दुसरा पाहुणा.

मध्ये कुंथलगिरीचे पेढे घेतले. त्याबद्दल वेगळं लिहायला हवं. एवढंच सांगतो, घरी पोचेपर्यंत अर्धा किलोचा पाव किलो झाला होता.

दर्शन नीट झालं. गाडी खालीच लावा आणि चालत वर जा, मंदिराजवळच्या गल्ल्यांत क्रूझ सोडा, आरसेसुद्धा वाचवावे लागतात.

परतीला तिसरा डाव, आणि तोच कामाचा निघाला. अंतर मधलं ठेवलं आणि वेग १०० वरून ७५ वर आणला, म्हणजे पुढचे ट्रक चालले होते त्याहून थोडाच जास्त. धाराशिव सोडल्यावर तेवढ्याच पल्ल्यात अकरा रेघा! रहदारी सकाळसारखीच होती असं छातीठोक सांगणार नाही, ही काही प्रयोगशाळा नव्हती. पण कारण दिसत होतं. वेग १०० ला लावलेला असला की ट्रकनं बाजू दिली रे दिली, गाडी उसळी मारून १०० कडे धावते, पुढे दुसरा ट्रक दिसला की ब्रेक. पेट्रोल जाळून कमावलेला वेग पॅड घासून उडवायचा. आणि धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. १०० वरून ८० वर येताना गाडीतली एक तृतीयांशाहून जास्त ऊर्जा जाते, आणि ब्रेक मारून आलात तर तिची बहुतेक उष्णता चाकातच होते. म्हणून रहदारीत अंतराच्या बटणाशी खेळण्याआधी वेगाचा आकडा खाली आणा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांच्याकडे आधी मोटर उलटी काम करून बॅटरी भरते, पॅडची पाळी नंतर येते.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना मात्र मी माती खाल्ली. क्रूझ ६० ला लावून बघू म्हटलं. गाडीनं ६० धरलं, पण गिअर उतरवून नाही, ब्रेक धरून. तिसऱ्या वळणाला जळका वास आला. बायको म्हणाली, "कुणाचा तरी क्लच जळायलाय." मी मान डोलावली. क्लच कुणाचाच नव्हता. लगेच क्रूझ बंद केली, गिअर खाली घेतला आणि उरलेला घाट इंजिनानंच वेग रोखत उतरलो. खाली पालीजवळ थांबून पुढच्या चाकाशी तळवा नेला, हात न लावता, तरी आच लागली. अशा वेळी चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होऊ शकते. काही गाड्या उतारावर स्वतः गिअर उतरवतात. तुमची उतरवते का, ते छोट्या उतारावर आधी बघून घ्या, मांजरसुंब्याला नको. कन्नडच्या घाटात तर अजिबातच नको.

बीड सोडेपर्यंत दिवस मावळला होता आणि उसाचा हंगाम. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली. क्रूझला पुढचं वाहन दाखवणाऱ्या, बंपरमधल्या रडारला ट्रॉली दिसेलही, पण मागे दोन हात लोंबणारा ऊस त्याच्या हिशेबात नसतो. त्याहून वाईट म्हणजे पंक्चर होऊन उभी असलेली ट्रॉली. रस्त्यातलं उभं वाहन ओळखण्यात या यंत्रणा कच्च्या आहेत. कंपनीच्या पुस्तिकेतही ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. शिवाय क्रूझचा ब्रेक मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो, आपण घाबरून दाबतो त्याच्या निम्माही नसतो. पुढचं सगळं तुमच्या पायावर. म्हणून अंधार पडल्यावर हंगामात मी क्रूझला हात लावत नाही. गावाजवळचे गतिरोधकही तिला कळत नाहीत, रस्ता मोकळा दिसला की खुशाल वेगात चढवते.

पावसाळ्यात जाणार असाल तर एक फडकं जवळ ठेवा. रस्त्याचं काम चाललेल्या पट्ट्यात काळी माती बंपरवर अशी बसते की रडार झाकलं जातं आणि क्रूझ मधेच बंद पडते. तेव्हा गाडी एकदम सैल सुटल्यासारखी वाटते, दचकू नका.

परत आल्यावर सर्व्हिसिंगला पॅड मोजायला लावले. गाडी एकवीस हजार चाललेली. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटरचा, माझे पुढचे सहा उरले होते, मागचे पाच. एका तुळजापूरच्या फेरीनं एवढं झिजत नाही हे मलाही कळत होतं. मिस्त्रीनं विचारलं, "साहेब, रोज जालना रोडला क्रूझ लावता का?"

लावतो. क्रांती चौक ते सिडको, सिग्नल ते सिग्नल, रोज संध्याकाळी. माझी गाडी पूर्ण थांबते आणि पुन्हा निघते, म्हणून चैन वाटायची. आता शहरात बंद केली आहे. मिस्त्रीनं आणखी एक गोष्ट दाखवली. बाहेरून रिमच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड, आतला बऱ्याचदा त्याहून जास्त खाल्लेला असतो. मोजायचं तर चाक काढूनच मोजायला सांगा.